ख्रिस्ती नेतृत्व आणि स्वतःची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीत, संस्थेत, घरात किंवा नोकरीत ज्यांच्या भरवशावर माणसं आहेत, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी एक गोष्ट त्यांत पुन्हा पुन्हा येईल. तुम्हाला ‘थांब’ म्हणण्याचा हक्क कोणाला आहे? तो हक्क कोणालाच नसेल तर बाकीच्या उत्तरांचा फारसा उपयोग नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ख्रिस्ती नेतृत्व इतर नेतृत्वापेक्षा वेगळं कशात आहे?

कौशल्यांत फारसं नाही. सभा चालवणं, हिशेब ठेवणं, माणसं जोडणं, वेळेत निर्णय घेणं हे सगळ्यांनाच करावं लागतं. ख्रिस्ती माणसानं ते गबाळेपणानं केलं, तर त्यावर अध्यात्माचं पांघरूण घालू नये. फरक आहे तो अधिकार कोणासाठी वापरायचा यात.

मार्कच्या १०व्या अध्यायात याकोब आणि योहान येशूजवळ येऊन त्याच्या गौरवात उजवीडावीकडच्या जागा मागतात. येशूनं आपल्या मरणाविषयी तिसऱ्यांदा सांगितलं, त्याच्या लगेच नंतरचा हा प्रसंग आहे. बाकीचे दहा जण चिडतात. येशू सगळ्यांना जवळ बोलावतो आणि सांगतो, की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. ज्याला मोठं व्हायचं आहे त्यानं सेवक व्हावं. मोठं होण्याच्या इच्छेबद्दल त्यानं कोणाला झिडकारलं नाही. मोठेपणाची वाट मात्र पार बदलून टाकली.

योहानाच्या १३व्या अध्यायात तो शिष्यांचे पाय धुतो. हा भाग आपण नम्रतेचा धडा म्हणून वाचतो, पण त्यातली तिसरी ओवी घाईत सुटून जाते. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे ओळखून तो उठला आणि त्यानं कमरेला रुमाल बांधला. आपण कोणाचे आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याला वाकताना काही गमावल्यासारखं वाटत नाही. आतून घाबरलेला माणूसच खुर्चीला चिकटून बसतो. आणि त्या रात्री धुतलेल्या पायांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते.

मी पाळक नाही, मंडळीच्या वडीलमंडळात नाही, मला कुठलंच पद नाही. हे मला लागू होतं का?

होतं. कुष्ठरोग झालेल्या अरामी सेनापती नामानाच्या घरात कैद करून आणलेली एक मुलगी होती. पवित्र शास्त्रात तिचं नावही नाही. २ राजेच्या ५व्या अध्यायात ती मालकिणीला एवढंच सांगते, की शोमरोनात एक संदेष्टा आहे, तो माझ्या धन्याला बरं करील. त्या एका वाक्यावर एक सेनापती आपला लवाजमा घेऊन निघतो. तुमच्या शब्दावर एखादा माणूस पाऊल उचलत असेल, तर तुम्ही त्याचं नेतृत्व करत आहात.

नेता व्हावंसं वाटणं हे पाप आहे का?

नाही. १ तीमथ्य ३:१ मध्ये पौल सांगतो, की अध्यक्षाच्या कामाची आकांक्षा धरणारा चांगल्या कामाची आकांक्षा धरतो. त्यातला ‘काम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळांना पद हवं असतं. काम आलं की कोणीतरी दुसरा बघेल अशी त्यांची अपेक्षा असते.

आपल्या मनात नेमकं काय आहे ते तपासायला एक साधी कसोटी आहे. हेच काम दुसऱ्याच्या नावावर होणार असेल, फलकावर, अहवालात, व्यासपीठावर तुमचं नाव कुठेच नसेल, तरी तुम्ही ते कराल का? उत्तर लगेच ‘हो’ येत नसेल तर घाबरू नका, ते बहुतेकांचं येत नाही. पण ती खटक देवापुढे मोकळेपणानं मांडा. आकांक्षा शुद्ध झाल्यावरच काम सुरू करायचं ठरवलं तर कोणीच कधी सुरू करणार नाही. काम करता करता ती शुद्ध होत राहावी, यासाठी प्रार्थना करा.

देवाचं बोलावणं आहे की माझ्याच मनाचे खेळ, हे कसं ओळखू?

आतल्या आवाजावर एकट्यानं निकाल देऊ नका. प्रेषितांची कृत्ये, १३व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीतले पाच जण नावानिशी सांगितले आहेत. ते उपासना आणि उपवास करत असताना पवित्र आत्मा बर्णबा आणि शौल (म्हणजेच पुढचा पौल) यांना वेगळं करायला सांगतो. बोलावणं दोघांना, पण ऐकलं सगळ्यांनी मिळून. मग पुन्हा उपवास, प्रार्थना, डोक्यावर हात आणि निरोप. तीमथ्याच्या बाबतीतही लुस्त्र आणि इकुन्य इथल्या बंधूंनी त्याच्याविषयी चांगली साक्ष दिली होती, हे पौलानं त्याला सोबत घेण्याआधीच आपल्याला कळतं.

म्हणून तुम्हाला जवळून पाहणाऱ्या दोन-तीन माणसांना विचारा. त्यांत एक असा असू द्या जो तुमचं कौतुक करायला बांधलेला नाही. ‘मी हे करावं का?’ असं विचारू नका, कारण त्यावर लोक भिडेपोटी ‘हो’ म्हणतात. ‘माझ्या कोणत्या कामातून तुम्हाला खरोखर मदत झाली?’ असं विचारा. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, तर त्या शांततेकडेही लक्ष द्या.

उलट, मन कचरतं आहे म्हणजे बोलावणं नाही, असंही नाही. निर्गमच्या ३ऱ्या आणि ४थ्या अध्यायांत मोशे एकामागून एक सबबी काढतो आणि शेवटी दुसऱ्या कोणाला तरी पाठव असंच सांगून टाकतो. देव त्याच्यावर रागावतो, पण बोलावणं मागे घेत नाही. सोबतीला अहरोन देतो.

नेता निवडताना कोणते गुण पाहावेत?

१ तीमथ्य ३ आणि तीत १ हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा. यादी वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. शिकवण्याची हातोटी सोडली तर बहुतेक सगळं शीलाविषयी आहे. नेमस्त, समंजस, पाहुणचार करणारा, मद्यपी नसलेला, मारकुटा नसलेला, भांडखोर नसलेला, द्रव्यलोभी नसलेला, घर नीट चालवणारा. नवशिका नको, कारण तो गर्वानं फुगण्याचा धोका असतो. आणि बाहेरच्यांनीही त्याच्याविषयी चांगलं बोललं पाहिजे.

ही शेवटची अट आपण सर्रास विसरतो. मंडळीत सुंदर प्रार्थना करणारा माणूस उधारी बुडवतो का, हाताखालच्यांशी कसा बोलतो, शेजाऱ्यांना त्याचा त्रास होतो का, हे विचारणं म्हणजे चहाडी नव्हे. पौलानंच ते विचारायला लावलं आहे. गाता गळा आणि व्यासपीठावरचं बोलणं पाहून माणसं निवडण्याची घाई केली, की पुढची कित्येक वर्षं मंडळी त्याची किंमत मोजते.

मी अबोल आहे. मला नेतृत्व जमेल का?

जमेल. आंद्रियाचं मोठं भाषण शुभवर्तमानांत कुठेच नाही. पण तो आपल्या भावाला, शिमोन पेत्राला, येशूकडे घेऊन आला, आणि पाच भाकरी व दोन मासळ्या असलेल्या मुलाकडे लक्षही त्यानंच वेधलं. अबोल माणसं पुष्कळदा नीट ऐकतात, आणि ऐकणाऱ्याकडे माणसं परत येतात. चार लोकांसमोर बोलायचा सराव मात्र करा, तो टाळता येत नाही.

स्वतःची वाढ म्हणजे आत्मविश्वास वाढवणं का?

आत्मविश्वास वाढला तर चांगलंच, पण पवित्र शास्त्र वाढ तिथे मोजत नाही. गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगितलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यांतला जवळजवळ प्रत्येक गुण दुसरा माणूस समोर असल्याशिवाय कळत नाही. खोलीत एकट्यानं बसून सहनशील कोणीही असतं.

दोन टोकं टाळायला हवीत. एक म्हणजे सगळं माझ्या जिद्दीवर, वेळापत्रकावर आणि सवयींवर अवलंबून आहे असं समजणं. दुसरं म्हणजे सगळं देवच करील म्हणून हातपाय न हलवणं. फिलिप्पैकरांस २:१२-१३ मध्ये पौल दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो: आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्यात साधून देणारा देव आहे. आपला प्रयत्न ही कृपेची किंमत नसते. कृपा मिळाली म्हणूनच प्रयत्न सुरू होतो.

शरीर, बुद्धी, नातीगोती यांनाही वाढीत जागा आहे. लूक २:५२ प्रमाणे येशू स्वतः ज्ञानानं, शरीरानं आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत वाढत गेला. झोप न घेणारा, वर्षानुवर्षं नवीन काही न वाचणारा आणि एकही जिवलग मित्र नसलेला नेता केवळ प्रार्थनेच्या तासांवर तरत नाही.

रोज नेमकं काय करावं?

थोडं, पण न चुकता. सकाळी एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक प्रसंग वाचा. दुसऱ्याला सांगण्यासाठी नाही, स्वतःसाठी. संदेश देणाऱ्यांचं इथेच घसरतं. प्रत्येक ओवी रविवारच्या संदेशाचा कच्चा माल होऊन जाते आणि स्वतःच्या जिवाला काही उरत नाही.

रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटं दिवस तपासा. १६व्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसनं आपल्या सोबत्यांना ही रीत लावून दिली आणि आजही अनेक परंपरांतले ख्रिस्ती ती पाळतात. आधी आभार माना, मग देवाकडे प्रकाश मागा, मग दिवस क्रमानं पाहा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागा, आणि उद्याचा विचार करा. ‘आज कसा गेला?’ असं मोघम विचारून चालत नाही. एक प्रसंग घ्या. समजा, दुपारच्या बैठकीत तुमच्या हाताखालच्या मुलीनं एक सूचना केली आणि तुम्ही ‘ते नंतर बघू’ म्हणून पुढे गेलात. तिथे थांबा. सूचना खरंच वाईट होती, की ती आपल्याला आधी सुचली नाही याचा राग आला होता? तिचा चेहरा कसा झाला? त्यानंतर ती बैठकीत पुन्हा बोलली का? हे उत्तर सापडलं की उद्या सकाळी काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. तिच्या टेबलाशी जाऊन ‘काल तुझं अर्धवट ऐकलं, पुन्हा सांग’ म्हणायचं.

तिसरी गोष्ट आठवड्याची. तुमची विचारपूस करणारी माणसं ठरवून ठेवा. इंग्लंडमधल्या जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ साली ब्रिस्टलमध्ये वर्गसभा सुरू झाल्या, त्याचं निमित्त भलतंच होतं. प्रार्थनाघराच्या बांधकामाचं कर्ज फेडायचं होतं. कोणीतरी सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना ते जमणार नाही, असा मुद्दा निघाल्यावर त्याच माणसानं सांगितलं, की सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचे मी भरीन. असे साधारण बारा-बारा जणांचे गट झाले. पैसे गोळा करायला घरोघरी जाणाऱ्यांना तिथली खरी परिस्थिती दिसू लागली: कुठे दारू, कुठे भांडण, कुठे दुःख. वेस्लीनं ओळखलं, की आपल्याला हवं होतं ते हेच. मग ‘तुमच्या आत्म्याचं कसं चाललं आहे?’ हा प्रश्न दर आठवड्याला विचारला जाऊ लागला, आणि त्यातून सामान्य कामकरी माणसं पुढारी म्हणून घडत गेली.

तुमच्यासाठी बारा नको, दोघं पुरेत. पण त्यांच्याकडे तुम्हाला अडवण्याचा हक्क हवा, आणि तो तुम्ही तोंडानं स्पष्ट दिलेला हवा. न मागता कोणी नेत्याला खरं बोलत नाही.

काम संपतच नाही, थकून गेलो आहे. देवाचं काम असूनही असं का होतं?

निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसतो आणि लोक रांगेत उभे असतात. सासरा इथ्रो एकच दिवस पाहतो आणि स्पष्ट सांगतो, तू करतोस ते ठीक नाही. तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेला ही गोष्ट बाहेरून आलेल्या सासऱ्याकडून ऐकावी लागली, आणि त्यानं ती ऐकली. त्याच्या मोठेपणाचा तो भाग आम्हाला लाल समुद्र दुभंगण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

१ राजेच्या १९व्या अध्यायातला संदेष्टा एलीया तर मरण मागत झुडपाखाली झोपतो. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर मिळालेल्या विजयानंतर लगेच! देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो; तो खाऊन परत झोपतो; देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. प्रश्न आणि संभाषण नंतर, होरेब डोंगरावर. आणि त्या संभाषणाच्या शेवटी त्याला एक सोबती मिळतो, अलीशा.

म्हणून थकवा आला की आधी झोप, जेवण, एक पूर्ण दिवस विश्रांती, आणि डॉक्टर. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे. अशा वेळी जवळच्या एकाला त्याच दिवशी सांगा.

दुसऱ्याला काम दिलं की बिघडतं. त्यापेक्षा स्वतः केलेलं बरं नाही का?

पहिल्या एक-दोन वेळा बिघडेलच. काम देताना आपण बहुतेकदा फक्त ओझं देतो, अधिकार देत नाही, आणि मग मागून टोकत राहतो.

कृत्यांच्या ६व्या अध्यायात यरुशलेमेतल्या ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांनी कुरकुर केली, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांची हेळसांड होते. प्रेषितांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितलं. त्या सातांची नावं पाहा, स्तेफन, फिलिप्प आणि पुढची पाच: सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच लोकांच्या हाती वाटपाची सूत्रं गेली. आपण अशा वेळी काय करतो? चौकशी समिती नेमतो आणि तिच्यावर आपलीच माणसं बसवतो.

लोक टीका करतात तेव्हा उत्तर द्यावं की गप्प बसावं?

टीका कोण आणि कशासाठी करतो यावर ते आहे, आणि यरुशलेमेचा पडलेला कोट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याकडून हे शिकण्यासारखं आहे. त्याचे विरोधक सनबल्लट आणि टोबीया खिल्ली उडवतात तेव्हा तो प्रार्थना करतो आणि काम चालू ठेवतो. भेटायला ये असा निरोप चार वेळा येतो. मी मोठ्या कामात आहे, मला खाली येता येत नाही, हेच उत्तर तो चारही वेळा देतो. कोट ५२ दिवसांत पुरा होतो.

पण मधल्या ५व्या अध्यायात आपलेच गोरगरीब लोक आक्रोश करत येतात. शेतं गहाण पडली, मुलंबाळं दास्यात गेली. इथे तो ‘आधी कोट होऊ द्या’ म्हणत नाही. त्याला राग येतो, तो मनाशी विचार करतो, सरदारांना जाब विचारतो, आणि आपणही पैसे व धान्य उसनं दिलं आहे हे उघड सांगून सगळ्यांनी मिळून व्याज सोडायला लावतो. सुभेदार म्हणून मिळणारा भत्ताही त्यानं १२ वर्षं घेतला नाही.

थट्टेनं काम थांबवू नका, पण पीडितांच्या ओरडण्यापुढे कुठलंही काम मोठं नाही. गडबड तेव्हा होते, जेव्हा नेता दुसऱ्या प्रकारच्या लोकांनाही सनबल्लट ठरवतो.

नेताच चुकला तर बोलावं का? ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ असं सांगतात.

बोलावं. हे वचन ज्या प्रकारे वापरलं जातं त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१ शमुवेलच्या २४व्या अध्यायात दावीद एन-गेदीच्या गुहेत त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला ठार मारण्याची संधी सोडतो. मी परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकणार नाही, असं तो म्हणतो तेव्हा बोलणं चाललं आहे जिवे मारण्याचं. त्यानंतर लगेच तो बाहेर येऊन शौलाला सगळ्यांसमक्ष हाक मारतो, त्याच्या झग्याचा कापलेला काठ पुरावा म्हणून दाखवतो, आणि परमेश्वर तुझ्यामाझ्यात न्याय करो असं सांगतो. शौलाच्या हाताखाली तो परत जाऊन राहत नाही. म्हणजे दावीदानं सूड घेतला नाही, पण तो गप्पही बसला नाही, आणि धोक्याच्या जागी थांबलाही नाही.

पुढे हाच दावीद राजा झाल्यावर त्यानं उरीयाची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला आणि उरीयाला मारवलं, तेव्हा देवानं नाथान संदेष्ट्याला त्याच्यासमोर उभं केलं. गलतीकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात पौल पेत्राला तोंडावर विरोध करतो, तोही सगळ्यांदेखत, कारण पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांसोबतच्या जेवणातून मागे सरला होता. अभिषिक्त म्हणून सवलत कोणालाच मिळाली नाही.

लहान मुलांवर किंवा कोणावरही लैंगिक अत्याचार, मारहाण, पैशांची अफरातफर झाली असेल, तर ते मंडळीत ‘आपसात मिटवण्याचं’ प्रकरण नाही. पोलिसांकडे जा. पीडित व्यक्तीला आधी सुरक्षित करा, तिच्यावर क्षमेची घाई लादू नका.

चुकलेला नेता पश्चात्ताप करतो. त्याला पुन्हा पद द्यायचं का?

क्षमा वेगळी आणि पद वेगळं. क्षमा लगेच मिळू शकते. विश्वास परत यायला वेळ लागतो, आणि काही पदांवर तो माणूस पुन्हा कधीच बसू नये असंही असतं. शौल आणि दावीद दोघांच्याही तोंडी ‘मी पाप केलं’ हे शब्द आहेत. पण शौल लगेच पुढे म्हणतो, माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. पश्चात्ताप ओळखण्याची याहून चांगली खूण आम्हाला सापडलेली नाही. माणूस परिणाम स्वीकारतो आहे, की मान वाचवतो आहे?

दोन चांगल्या माणसांचंच पटत नसेल तर?

होतं असं. पौल आणि बर्णबा यांच्यात, आधीच्या दौऱ्यातून मधेच परतलेल्या योहान मार्काला न्यावं की नाही यावरून इतका कडाक्याचा वाद झाला, की ते वेगळे झाले. कृत्यांचा १५वा अध्याय त्यावर पडदा टाकत नाही आणि कोण बरोबर होतं हेही सांगत नाही. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. कित्येक वर्षांनी तुरुंगातला पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. बर्णबानं त्या तरुणावर टाकलेला विश्वास वाया गेला नव्हता. वेगळं व्हावं लागलं तर व्हा. मागे राहिलेल्याची बदनामी करत फिरू नका.

पैशांचे व्यवहार कसे सांभाळावेत?

एकट्यानं कधीच नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना पौलानं तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवले आणि कारणही लिहून ठेवलं: देवाच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं जे चांगलं ते आम्ही पाहतो (२ करिंथकरांस ८). दानपेटी दोघांनी मिळून मोजा, खात्यावर दोन सह्या ठेवा, हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या आणि सभेत वाचून दाखवा. ‘आमचा तुमच्यावर विश्वास आहे’ असं लोक म्हणाले तरी दाखवा.

स्त्रियांनी नेतृत्व करावं का?

मंडळ्यांचं यावर एकमत नाही. रोमन कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या स्त्रियांना याजकपद देत नाहीत. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा देतात, काही देत नाहीत. १ तीमथ्य २ (स्त्रीला शिकवू देत नाही, असं पौल लिहितो) आणि गलतीकरांस ३:२८ (ख्रिस्तात पुरुष-स्त्री असा भेद नाही) यांचा मेळ कसा घालायचा हा त्यातला मुख्य वाद आहे. पण दबोरा इस्राएलाचा न्याय करत होती, नियमशास्त्राचा ग्रंथ सापडल्यावर योशीया राजानं हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं पाठवली, प्रिस्किल्लेनं अक्विल्लासोबत अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि रोमकरांस पत्रात पौल फिबीची शिफारस करतो. तेव्हा तुमच्या मंडळीची भूमिका कोणतीही असो, स्त्रियांकडून सगळी कामं करून घ्यायची आणि निर्णयाच्या वेळी त्यांना विचारायचंही नाही, याला पवित्र शास्त्राचा आधार नाही.

नोकरीत सगळे ख्रिस्ती नसतात. तिथे कसं वागू?

परक्या राजांच्या दरबारात काम करणाऱ्या दानीएलासारखं. त्याच्या शत्रूंनी त्याच्या कारभारात खोट शोधली, ती सापडली नाही. आधी काम चोख. राजाचं अन्न न खाण्याचा प्रश्न आला तेव्हाही त्यानं आरडाओरडा केला नाही. अधिकाऱ्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवस पाहा, अशी विनंती केली. एक सावधगिरी मात्र बाळगा. ज्यांची बढती आणि पगार तुमच्या हातात आहे, त्यांच्यावर प्रार्थनेचं किंवा उपासनेचं दडपण येईल असं काही करू नका. त्यांना मोकळेपणानं ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यांनी विचारलं तर आपल्या आशेविषयी सौम्यतेनं सांगा.

माझ्यानंतर कोण, याचा विचार कधी करावा?

पद घेतल्याच्या पहिल्या वर्षीच. गणना २७ मध्ये मोशे स्वतः देवाकडे मागतो, की ही मंडळी मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होऊ नये म्हणून कोणाला तरी नेम. मग सर्व लोकांसमोर यहोशवावर हात ठेवतो आणि आपल्या अधिकारातला काही भाग त्याला देतो, स्वतः जिवंत असताना.

शमुवेलानं मात्र आपल्या मुलांना शास्ते (न्यायाधीश) नेमलं आणि ते लाच खाऊ लागले. शमुवेलासारख्या संदेष्ट्याच्या घरात हे घडलं, मग मंडळीचं किंवा संस्थेचं पद घरातल्या घरात फिरवताना आपण किती जपायला हवं! मुलगा किंवा सून खरंच योग्य असेल, तर निवड घराबाहेरच्यांना करू द्या.

माणूस घडवायचा म्हणजे त्याला सोबत न्यायचं. रुग्णाला भेटायला जाताना, अवघड बैठकीला जाताना, हिशेबाला बसताना. परतताना त्याला विचारायचं, ‘तू असतास तर काय केलं असतंस?’ आणि पुढच्या वेळी त्याला बोलू द्यायचं. २ तीमथ्य २:२ मध्ये पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ते, अशा चार पिढ्या एका ओवीत आहेत.

माझी वाढ होते आहे हे कशावरून समजावं?

स्वतःच्या मनाला विचारून नीट कळत नाही. घरच्यांना विचारा: मागच्या वर्षीपेक्षा माझा राग लवकर शांत होतो का? हाताखालच्यांना विचारा: माझ्याकडे वाईट बातमी घेऊन यायला तुम्हाला भीती वाटते का? शेवटचं कधी तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून घेतलेला निर्णय बदललात, ते आठवून पाहा. आठवायला फार मागे जावं लागत असेल, तर सध्या वाढ थांबली आहे असं समजायला हरकत नाही. ६व्या शतकात संत बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले, त्यांत महत्त्वाच्या प्रसंगी मठाधिपतीनं सगळ्या बंधूंना बोलवावं असं सांगितलं आहे, कारण अधिक चांगलं काय ते प्रभू पुष्कळदा वयानं लहान असलेल्याला दाखवतो. बैठकीत सगळ्यांत धाकट्याला आधी बोलायला सांगून पाहा.

वाचायला सुरुवात कुठून करू?

नहेम्यापासून. तेराच अध्याय आहेत आणि काम, प्रार्थना, पैसा, विरोध सगळं त्यात आहे. शेवटच्या अध्यायातली निराशाही वगळू नका. मग मार्कचे ८ ते १० अध्याय, सलग, एका बैठकीत. त्यानंतर २ करिंथकरांस पत्र, जिथे पौल आपलं दुबळेपण लपवत नाही. शक्य असेल तर यातलं एक तरी पुस्तक दुसऱ्या एखाद्यासोबत वाचा, आणि तो तुमच्या हाताखालचा नसावा.